वळणावरचा देव

सोलापूरच्या वाटेवरचं वळण बांधणाऱ्यांनीच बाहेरच्या अंगाला कलतं ठेवलेलं; आमचा लेक तिथंच मोटारसायकलवरून फेकला गेला, तो उठलाच नाही. मग मी घरातला वरवंटा शेंदूर फासून तिथं उभा केला आणि थाप ठोकली, “सुसाट गेलेला ट्रक दुधनीला पोचला, चाकं मात्र देवापाशीच राहिली!” ड्रायव्हर गाडी हळू करून हात जोडू लागले. यंदा रस्ता सरळ करायला इंजिनिअर आले, तर गाव आडवं आलं. “जागृत देव हाय. हलवायचा न्हाय!” साहेब नकाशा गुंडाळू लागले, वळण तसंच राहणार. मी पुढं झालो. “देव पहाटं सपनात आलता. म्हनला, लई दमलो, घरी ने.” गावानंच नारळ फोडून देव माझ्या हाती दिला. घरी लेकाच्या आईनं वरवंट्याचा शेंदूर पुसला, बारशाला पाळण्यात लेकाशेजारी निजवताना घातलेली कुंची पुन्हा चढवली आणि त्याला मांडीवर घेतलं.