डोक्याच्या बाजूला

दवाखान्यातून घरी येताच रितानं सासूला, शकुनबाईला, पहिलं हेच विचारलं, "आई, डोक्यावर पाणी टाकलं होतं ना?" लाखांदूरच्या शेतकरी घरात नांदायला आलेली रिता माहेरची कॅथलिक. सातव्या महिन्यातच तिनं सासूला शिकवलं होतं: बाळाचं काही बरंवाईट व्हायला लागलं, तर जीव असेपर्यंत डोक्यावर पाणी ओतून 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं' म्हणायचं, मग ते सरळ देवापाशी जातं. बाळ दवाखान्यात तासभरच जगलं, तेव्हा रिता बेशुद्ध होती. घाबरलेल्या शकुनबाईनं आपल्या रीतीनं त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं. "हव पोरी, डोक्यावरच टाकलं," ती म्हणाली. रिता पहिल्यांदा शांत झोपली. शकुनबाई गडवाभर पाणी घेऊन तळ्याकाठी गेली, बाळाला पुरलं होतं तिथं. डोक्याच्या बाजूला मातीवर पाणी ओतून शिकवलेले शब्द म्हणाली. "उशीर झाला जी, रिताच्या देवा. पन तिले नको सांगजो."