पहिलं प्रात्यक्षिक

"संदर्भासाठी एकच पुस्तक घेता येईल," प्राचार्य माधुरी मॅडम म्हणाल्या. "काजल, शिकवणार तू आहेस. तूच सांग."

टेबलावर तीन पुस्तकं होती. तिन्ही पायथनची. मुरबाडच्या या कॉलेजात ही स्क्रिप्टिंग भाषा यंदापासून सुरू होणार होती. तासिका तत्त्वावर लागलेल्या काजलने आठवडाभर तिन्ही पुस्तकं तपासली होती. पहिलं जाडजूड, पण भाषेच्या जुन्या आवृत्तीचं; त्यातलं निम्मं आता बाद. दुसरं निळं. मागे नेटकी सूची, प्रत्येक प्रोग्रामखाली त्याचं उत्तर छापलेलं, चूक झाली तर ती कशी शोधायची तेही दिलेलं. निवड सोपी होती. निळ्या पुस्तकाची शिफारस लिहून तिने पिशवीत ठेवली होती.

तिसरं पुस्तक समोर बसलेल्या विभागप्रमुख शेखर सरांचं होतं.

मुखपृष्ठावर त्यांचं नाव. आत काजलचे चाळीस प्रोग्राम. भाताच्या भाऱ्यांची मोजणी, मोहफुलं वाळल्यावर वजनात किती घट येते, शेणव्याहून सुटलेली एसटी मुरबाडला किती वाजता पोचेल. सगळी उदाहरणं तिच्या वाडीची. ती तिसऱ्या वर्षाला असताना सरांनी तिची वही "बघून देतो" म्हणून नेली. वही परत आली नाही. चार महिन्यांनी पुस्तक आलं. तिने विचारलं तेव्हा सर भरवर्गात हसले होते. "वाडीवरची पोरगी पुस्तक लिहिणार? आधी इंग्रजी वाचायला शीक." वर्गही हसला होता. पुरावा म्हणजे ती वही, आणि वही सरांकडे.

"सांग ना गो," सर आता म्हणाले. "माझं नाय आवडलं तर तसं सांग. आमी काय तुला खाणार नाय." मग मॅडमकडे वळून, "माझ्याच हाताखाली शिकलीय. जरा भिडस्त आहे, एवढंच."

काजलने पिशवीची चेन उघडली होती. ती तिने पुन्हा लावली.

"सरांचंच घ्या, मॅडम."

सर खुर्चीत मागे रेलले.

"फक्त पहिलं प्रात्यक्षिक सरांनी घ्यावं," काजल म्हणाली. "पुस्तकातले प्रोग्राम मोठ्या पडद्यावर, मुलांसमोर, लेखकानेच चालवून दाखवावेत. पुस्तकात आहेत तसेच, पहिल्यापासून क्रमाने. तुम्हीही या, मॅडम."

"का नाय!" सर म्हणाले. "सोमवारीच ठेवू. संस्थेच्या अध्यक्षांना मी स्वतः बोलावतो. पेपरवाल्यांनाही सांगतो."

मॅडमनी सही केली. काजल नमस्कार करून बाहेर आली. निळं पुस्तक मुलांसाठी आपण आपल्या पगारातून घ्यायचं, हे तिने व्हरांड्यातच ठरवून टाकलं.

ती वही तिने वाडीवरच्या घरात, संगणकाला हातही न लावता, नुसती कागदावर लिहिली होती. पुढे स्वतःचा संगणक आल्यावर तिने पुस्तकातले चाळीसही प्रोग्राम जसे छापले होते तसे टाइप करून पाहिले होते.

त्यांतले एकतीस चालतच नव्हते.