चाकाची रेघ

"चाक चुकलं," कौतिक आबा म्हणाले.

कुंदा कागदावर ओणवी होऊन बसली होती. तिने मान वर केली नाही. हातातली पेन्सिल मात्र थांबली.

जळगावच्या शेतकी प्रदर्शनात शिरल्यापासून प्रत्येक दालनाशी एकच पाटी होती : वस्तूंना हात लावू नये. एवढ्या एका मंडपावर पाटी होती, येथे मुलांनी हात लावावा. आत ताडपत्रीवर मळलेली माती, गेरू, नीळ, कोळसा आणि कागदांची चळत मांडली होती. ती पाटी वाचून कुंदाने गाडीतून उडीच मारली. असोद्याहून निघालेली गाडी दिवस मावळायच्या आत पाळधीला, लग्नघरी पोचायची होती. आबांनी घड्याळ पाहून अर्धा तास दिला होता.

आबा ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालची एकही भिंत ओळंब्याबाहेर गेली नव्हती. नातीचे चित्र ते पुलाचा नकाशा तपासावा तसे तपासत. बिनचूक चित्र काढशील त्या दिवशी रंगपेटी, असा त्यांचा दिवाळीतला शब्द होता. दिवाळी होऊन तीन महिने लोटले होते, आणि अजून एकही चित्र त्यांच्या कसोटीला उतरले नव्हते.

आज कुंदाने मंडपाबाहेर, निंबाखाली सोडलेली आपलीच गाडी काढली होती. धुरा बरोबर होती. वर बसायचा साटा बरोबर होता. आरे मोजून बारा होते. डावे चाक तेवढे वरून बाहेर कलले होते.

"गाडीचं चाक असं पडल्यासारखं उभं राहतं का?" आबांनी पेन्सिल घेतली, पट्टी लावली आणि तिच्या तिरक्या रेघेशेजारी एक सरळ उभी रेघ ओढली. "हे असं पाहिजे."

"पन आबा, ते तसंच हाये."

"कुंदे, आबांना उलटून बोलू नये," मागून तिची आई सुमन म्हणाली. गाडीतून उतरताना सासऱ्यांची पिशवी घ्यायला तिने हात पुढे केला होता, पण त्यांनी ती नेहमीप्रमाणे काखेतच ठेवली होती.

"मी मागं बसली होती ना," कुंदा हळूच म्हणाली. "येताना सारं ते चाकच पाहत होती."

मंडपातले चित्रकलेचे लीलाधर मास्तर मातीचे हात पुशीत जवळ आले. तरुण माणूस. त्यांनी कागद पाहिला, बाहेर गाडीकडे पाहिले. "आबा, गाडी इथून वीस पावलांवर आहे," ते हसून म्हणाले. "तुम्ही मोजणारी माणसं. मोजूनच दाखवा की पोरीला."

आबा उठले. असे आव्हान त्यांनी जन्मात नाकारले नव्हते. कुंदा मागोमाग निघाली, तिच्यामागे सुमन.

निंबाखाली गाडीवान नथ्थू बैलांना कडबा घालीत होता. आबांना पाहताच त्याने सकाळपासूनचे गाऱ्हाणे पुन्हा सुरू केले. "आबा, या सर्जाले काही तरी सांगा बा. सारा रस्ता डाव्या अंगाले ओढू राह्यला. तुम्ही नाक्यावर त्याच्या गयातला पट्टा आवयला, तरी तेच."

खिशातली घडीची फूटपट्टी आबांनी उलगडली. उजव्या चाकाचा मधला तुंबा आणि साटा यांत अंतर दीड इंच. ते वळसा घालून डावीकडे आले. पट्टी लावली. साडेतीन इंच.

त्यांनी पुन्हा मोजले. मग खाली बसून आसाच्या टोकावरचे काळे वंगण बोटाने पुसले. चाक अडवून धरणारी लोखंडी खीळ जागेवर नव्हती. नुसते भोक होते, आणि त्यात रस्त्याची धूळ.

नथ्थूच्या हातातली कडब्याची पेंढी खाली पडली. "आबा, म्होरं गिरनेचा उतार हाये," तो म्हणाला. सुमनने कुंदाला जवळ ओढून घेतले.

सर्जा शांतपणे रवंथ करीत होता. आबांनी उठून आधी त्याच्या गळ्यातला पट्टा सैल केला.

अवजारांच्या दालनात एक लोहार भाता मांडून बसला होता. त्याने नवी खीळ घडवून दिली, पैसे घेईना. नथ्थूने चाक आत रेटले, खीळ ठोकली, वंगण घातले. आबांनी दोन्ही बाजूंना पट्टी लावली. दीड आणि दीड. या खटाटोपात अर्ध्या तासाचे दोन तास झाले. आबांनी घड्याळ काढले नाही.

मंडपात कुंदाचा कागद तसाच पडला होता. तिने तो उचलला, गाडीकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, आता चाक सरय झालं," ती म्हणाली. "आता तुमचीच रेघ बरोबर."

"कागद आण इकडं."

तिने दिला. आबांनी मास्तरांकडून खोडरबर मागून घेतले. कागद गुडघ्यावर ठेवला आणि पट्टी लावून ओढलेली आपली सरळ रेघ त्यांनी वरपासून खालपर्यंत, माग न ठेवता पुसली. कुंदाची तिरकी रेघ तेवढी राहिली. तिच्यावर पडलेला रबराचा चुरा त्यांनी फुंकरीने उडवला.

मग काखेतली पिशवी पहिल्यांदाच सुनेपुढे करून ते म्हणाले, "सुमन, तळाशी हात घाल. पंच्याच्या घडीत रंगपेटी आहे. दिवाळीपासून घेऊन हिंडतोय."