भुंगेऱ्यावरचं दव

भुंगेरा क्षणभर एका जागी थांबत नाही, आणि छायाचित्रकाराला तर त्याच्या मिशांचे पेर न् पेर टिपायचे असते. निसर्गाने केलेली ही गैरसोय दूर करण्यासाठी फोटोंची हौस असलेल्या ग्रंथपालांनी बागेत सापडलेला हिरवा भुंगेरा डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला. ‘कीटकाला हात लावू नये’ हा छायाचित्र स्पर्धेचा नियम त्यांनी कसोशीने पाळला, चिमटा वापरला. थंडीने सुन्न झालेला तो जीव पानावर मांडताच समाधिस्थ ऋषीसारखा बसून राहिला, आणि त्याच्या गारठलेल्या पाठीवर हवेतले बाष्प जमून टपोरे थेंब उमटले.

"माझ्या टोमॅटोंच्या शेजारी किडा? उद्या तुम्हालाच आत ठेवते!" बायको तेव्हा कडाडली होती. आज पहिल्या क्रमांकाचे पदक घ्यायला मंचावर चढताना ग्रंथपालांना धास्ती होती ती पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या तोंडाची.

परीक्षक म्हणजे भुंगेरे टिपण्यात हयात घालवलेले ज्येष्ठ छायाचित्रकार. ते माइकवर गहिवरून म्हणाले, "हे पहाटेचं दव पाहा! ओल्या गवतात तासन्‌तास पालथं पडल्याशिवाय असा फोटो मिळत नाही."

पहिल्या रांगेत बायकोला खोकल्याची जबर उबळ आली. ग्रंथपालांनी घाईघाईने पदकापुढे मान वाकवली.

 

गळ्यात पदक घालता घालता परीक्षक त्यांच्या कानाशी पुटपुटले, "नशीबवान आहात. आमच्या हिने तर फ्रिजला कुलूपच लावलंय."