कोमट पाणी

“आई, गोळी घेतलीस का?”

कपाटावरच्या कॅमेऱ्यातून आवाज आला तशी म्हाळसाबाई लगबगीनं उठली. शेंगा तशाच राहिल्या. समोर बसलेल्या प्रेमाबाईनं, तिच्या धाकट्या जावेनं, हातातली शेंग जरा जास्तच जोरात फोडली.

“घेते रे बाबा, घेते.”

“कोरडी गिळू नको. कोमट पाणी घे.”

आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, पण शब्द न् शब्द कळायचा. म्हाळसाबाईनं गॅसवरच्या पातेल्यातलं पाणी ओतून घेतलं, गोळी गिळली, अन् शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा रिकामा पेला कॅमेऱ्यापुढं धरला.

“बघितलंस, प्रेमा? माझा अमर पुण्यात बसून पाणी कोमट हाय का गार, ते इचारतोय.”

“बघितलं की अक्का. रोजच बघायलेय.”

सास्तुरात भूकंपानंतर बांधलेल्या त्या एकसारख्या घरांत दोघींची घरं शेजारशेजारची. भिंत एक, आवाज दोन्हीकडं.

कॅमेरा अमरनाथनं दिवाळीत पार्सलनं धाडला होता. आईला रक्तदाब, घरात एकटी. बसवायला माणूस बोलवू का, असं म्हाळसाबाईनं फोनवर विचारलं तर तो ओरडलाच. “बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नकोस. आजकाल लोक घरातलं सगळं बघतात. आपल्या सुरजला सांग. पासवर्ड वगैरे तोच टाकील, मी सवडीनं घेतो त्याच्याकडून.”

सुरज म्हणजे प्रेमाबाईचा लेक. लोहाऱ्याला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्यानं स्टुलावर चढून वायर ओढली, अन् आठवड्याभरात कॅमेरा बोलायला लागला.

तेव्हापासनं प्रेमाबाईच्या अंगी अन्न लागेना.

रक्तदाब तिलाही होता. गोळीसुद्धा तीच, दवाखान्याच्या रांगेत दोघी मागंपुढं उभ्या राहायच्या. फरक एवढाच, की हिचा लेक पुण्यात नव्हता, घरात होता. सांजच्याला यायचा, मोबाईल मांडीवर घेऊन ताटावर बसायचा.

“भाजी बरी झालीय का?”

“हं.”

“वाढू अजून?”

“उं.”

झालं. दिवसाचं बोलणं संपलं. प्रेमाबाई आपल्या गोळ्यांची पट्टी मुद्दाम त्याच्या ताटाजवळ ठेवायची, दिसावी म्हणून. तो पट्टी बाजूला सारायचा अन् तिथं पाण्याचा तांब्या ठेवायचा.

“अन् लुगडं बदलताना हो, अक्का?” एकदा तिनं खोचकपणे विचारलंच. “तेबी बघतंय का तुमचं यंत्र?”

“टावेल टाकते की त्याच्यावर. पोटचा असला म्हणून काय झालं, बाप्या माणूस हाय.”

एका दुपारी म्हाळसाबाई आत चहा टाकत होती. प्रेमाबाईनं पदर नीट केला अन् कॅमेऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

“अमर, बाळा, मी काकी. वळखलंस का?”

कॅमेरा गप्प.

“माझीबी गोळी असती रे दुपारची.”

गप्पच. निळा दिवा तेवढा लुकलुकत राहिला. चहा न पिताच ती निघाली, अन् उंबऱ्यापाशी पोचते तोवर मागं आवाज आला, “आई, जेवलीस का?” प्रेमाबाईला तिथंच रडू फुटलं. ते तिनं शिंकेवर नेलं.

मग परवा तिनं ते केलं. म्हाळसाबाई परसात शेळीला पाला टाकत होती. प्रेमाबाईनं बोर्डातली पिन नुसती सैल केली. बघणाऱ्याला वाटावं, बसलीय. निळा दिवा विझला. कुणीतरी पोटात थंडगार ताक ओतावं तसं तिला वाटलं.

त्या दुपारी भिंतीपलीकडनं आवाज आला नाही. उन्हं कलताना ती डोकावली, तर म्हाळसाबाई कॅमेऱ्यापुढं खुर्ची टाकून बसलेली. तळहातावर गोळी.

“अवो, घ्या की अक्का.”

“घेईन. इचारू दे की त्याला.”

“पुण्याचा फोन आला न्हाय व्हय?”

“न्हाय बाई. कामात असंल.”

म्हणजे दिवा विझला, आई दिसेना झाली, तरी पोराला पत्ता नाही. एवढीच का ती माया! प्रेमाबाई घरी आली ती हलकी होऊन. तिनं वांगं भाजलं, ठेचा केला, गुणगुणत भाकरी थापायला बसली.

सुरज त्या दिवशी लवकरच आला. हातपाय न धुता ताटावर बसला. गोळ्यांची पट्टी ताटाजवळ होतीच. घास मोडला, पण तोंडात घातला नाही. मोबाईलकडं बघायचा, दाराकडं बघायचा. मग आपणहून बोलला.

“आई.”

प्रेमाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली. किती दिवसांनी! “काय रे बाळा?”

त्यानं पट्टी बाजूला सारली अन् तिथं मोबाईल ठेवला.

“मोठ्या आईकडं जरा जाऊन ये. दुपारधरनं निस्तं काळंच दिसायलंय. गोळी राहिली असंल तिची. अन् तिला म्हणावं, कोरडी गिळू नको. कोमट पाणी घे.”