आतली कडी

वृद्ध मनोरुग्णांचा मोठा वॉर्ड बंद झाला आणि आजींना रुग्णालयाने गल्लीत घेतलेल्या छोट्या घरात स्वतःची खोली मिळाली. वॉर्डात दारांना कडी बाहेरूनच असे. इथे आतून होती. पहिल्याच दुपारी आजींनी ती लावून घेतली. वॉर्डापासून सोबत आलेली सिस्टर दाराकडे धावली. आजींनी पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. तिने दार वाजवलं. आत चाललेल्या येरझाऱ्या एकदम थांबल्या. "दार तोडू का?" घराच्या रखवालदाराने पहार उचलत विचारलं. सिस्टरने त्याचा हात धरला आणि आजवर न विचारलेलं विचारलं, "आजी, आत येऊ का?" पावलं दारापर्यंत आली. मग दाराला लागूनच आवाज आला, "नाही म्हटलं तर चालेल?" "चालेल," सिस्टर कशीबशी म्हणाली. "मग थांब जरा. कपडे बदलतेय." दार बंदच होतं, तरी सिस्टरने पाठ फिरवली.