चारचौघांत फ्रेंच

"दोघं बोला की फ्रेंचमधनं! आमालाबी ऐकू द्या," शांतव्वा म्हणाल्या आणि शिऱ्याची बशी बाजूला ठेवून सरसावून बसल्या.

शांभवीला हेच हवं होतं. शांतव्वांचा मुलगा शिवकुमार तिला बघायला आला होता. उचगावचं घर, मुलगा इंजिनिअर, शिवाय कंपनीच्या कामासाठी सहा महिने फ्रान्सला राहून आलेला. आणि शांभवी कोल्हापूरला विद्यापीठात फ्रेंच शिकणारी. तिच्या अख्ख्या कुरुंदवाड गावाने मनातल्या मनात अक्षता टाकूनही घेतल्या होत्या.

शांभवीला मात्र पुढच्या शिक्षणासाठी खुद्द फ्रान्सहून बोलावणं आलं होतं. त्यावर तिच्या वडिलांनी, सोमशेखर अप्पांनी, तोड काढली होती. "पावण्यांनी पसंत केलं तर लगीन. त्यांनी नको म्हटलं तर खुशाल जा फ्रान्सला. पर नकार आपल्याकडनं जायाचा न्हाय. मुलीकडची माणसं हाय आपण."

अप्पा शब्दाला पक्के होते. म्हणजे नकार मुलाकडूनच यायला हवा होता, आणि तो आपण मिळवणार याबद्दल शांभवीला तिळमात्र शंका नव्हती.

"तिकडं करमलं का?" तिने आधी मराठीतच विचारलं.

"लई भारी! आमी कोल्हापूरची सहा पोरं एकाच घरात हुतो. रोज आमटी-भात." सगळे हसले.

मग ती फ्रेंचमध्ये शिरली. "तुमच्यात खोट काढण्यासारखं काही नाही," ती गोड हसत म्हणाली. फ्रेंच माणसं नकारसुद्धा हसून देतात, असं वर्गात मॅडमनी शिकवलं होतं. "पण मला शिकायला जायचंय. घरी जाऊन तुम्ही नकार कळवाल का?"

"नक्कीच," शिवकुमार फ्रेंचमध्ये म्हणाला. उच्चार झकास होता.

शांभवीला हायसं वाटलं. किती समजूतदार माणूस! मग तिला वेगळीच शंका आली. "तुमच्या मनात दुसरी कुणी आहे का?"

तो कानापर्यंत लाजला. "हो, हो. मी फार आनंदात आहे."

असं आहे होय! तिला त्याचं कौतुकच वाटलं. त्या न पाहिलेल्या मुलीचंसुद्धा भलं व्हावं, असं मनापासून वाटलं. "मग ठरलं. यातलं कुणाला काही सांगू नका."

"अगदी बरोबर. फार आभारी आहे."

शांतव्वांनी पदराने डोळे टिपले. अप्पांची छाती अभिमानाने फुगली होती. एवढ्या जड भाषेत आपली लेक एकदाही अडली नाही, हे त्यांनी शेजाऱ्यांना दोनदा सांगितलं.

सोमवारी शांभवीने कोल्हापुरात जाऊन लोकरीचा जाडजूड कोट घेतला. मैत्रिणींना पेढे वाटले. मॅडमना सांगून टाकलं, "घरचं मिटलं. मी फ्रान्सला जातेय."

गुरुवारी दारात जीप थांबली. आधी शांतव्वा उतरल्या, मग नारळ, साडी, पेढ्यांचे पुडे. शिवकुमारची धाकटी बहीण पवित्रा धावत आली आणि शांभवीच्या गळ्यातच पडली.

"वैनी, तुमी काय काय विचारलासा त्यातलं दादाला एक अक्षर कळलं न्हाय म्हणं! पर एवढं हसून विचारतीया म्हणून त्यानं सगळ्याला व्हय म्हटलंय!"